उपासनेने आपल्याला काय दिले? : अनुभव लिहावेत

सांगली, निवृत्त शिक्षिका

यजमान गेले त्याला येत्या मार्गशीर्षात तीन वर्षे होतील. दिवसा कामे असत, माणसेही असत. पण तिन्हीसांज सोसवत नसे, कारण त्या वेळी फाटकाची कडी वाजायची आणि आता ती वाजणार नव्हती. अखेरीस सासूबाईंची समई माळ्यावरून काढली. कापसातली सरकी वेचायची, बोटांना दुधाचा थेंब लावून तळहातावर वाती वळायच्या, समईत तेल घालायचे आणि दिवा लागला की रामरक्षा म्हणायची, असा क्रम बसला. दुःख कमी झाले असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या वेळेची धास्ती वाटायची, तिची मी वाट पाहू लागले. कोणत्याही धर्माची, पंथाची उपासना आपल्याला अशी उपयोगी पडली असेल, तर ती नेमकी कशी, हे लिहावे. जेथे ती उपयोगी पडली नाही, तेथले अनुभवही हवे आहेत.

सातारा जिल्हा

मी ट्रक चालवत असे. दारू तीनदा सोडली आणि तीनदा पुन्हा धरली. चौथ्या वेळी गावच्या दिंडीतले बुवा म्हणाले, "उपचार चालू ठेव, पण माळ घाल आणि वारीला चल." तुळशीची माळ गळ्यात आली की दारू आणि मांसाहार सुटला, हा संप्रदायाचा नियम, आणि तो मी चोरून नव्हे, सगळ्या गावासमोर पत्करला होता. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पायी जायचे, पहाटे टँकरच्या पाण्याने अंघोळ करायची, दिंडीत आपल्या जागेवर चालायचे, मुक्कामी कीर्तनाला बसायचे. एरवी तलफ यायची त्या वेळी हातात टाळ असे. दिवेघाट चढून गेल्यावर पायांना फोड आले, तेव्हा माझ्या वडिलांपेक्षाही वयाने मोठ्या असलेल्या एका वारकऱ्याने खाली बसून माझ्या तळव्यांना खोबरेल चोळले, "माउली" म्हणाले आणि वर माझ्याच पाया पडले. ज्याच्याशी घरची माणसेही बोलेनाशी झाली होती, त्याच्या पायांवर कोणी डोके ठेवले, हे मला आजही सांगताना जड जाते. यंदा आठवी वारी झाली. मधल्या काळात दोनदा मन डळमळले आणि दोन्ही वेळा मी दिंडीतल्या माणसालाच फोन केला. डॉक्टरांकडे आजही जातो.

रत्नागिरी, परिचारिका

रामरक्षेचा उल्लेख आला म्हणून लिहिते. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 23 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की ‘ओम मणि पद्मे ओम्’ हा मंत्र, लयीत म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो आणि हृदय व रक्तदाब यांचा मेळ सुधारतो, असे त्यात आढळले. अभ्यास लहान होता आणि स्तोत्रपठणाबद्दल नव्हता, हे खरे. तरीही रात्रपाळीहून आल्यावर झोप येत नसे, तेव्हा एका दमात एक चरण अशा चालीने म्हणू लागले आणि मला फरक पडला.

नाशिक

इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले. पहाटे चारची घंटा, पूर्ण मौन, पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष. अर्जात मानसिक आजार आणि औषधे यांची माहिती विचारतात. ती मी लपवली नाही, इतरांनीही लपवू नये. घरी रोज दोन तास बसणे मला जमले नाही, सकाळचा अर्धा तास मात्र टिकला आहे.

गोवा, बार्देश

आमच्या वाड्यावर खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लदीन (ख्रिस्ती लोकांची सामूहिक गायनप्रार्थना) होते. आम्ही हिंदू, तरी शेजारधर्म म्हणून कडेला उभे राहतो. आईच्या आजारपणात मी कोणाशी बोलत नसे. लदीनच्या एका संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात सगळ्यांनी एका सुरात गायलेले ऐकले, नंतर हातावर उकडलेले चणे आले, आणि कित्येक दिवसांनी मी चार माणसांत उभा राहून खाल्ले.

पुणे

माझा अनुभव वेगळा आहे. सोवळे जराही मोडले तर घरात काही वाईट घडेल, या भीतीने मी पूजा तीन-तीनदा करू लागले होते आणि हात धुऊन धुऊन सोलले होते. हा आजार आहे, हे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले. उपचारांत पूजा एकदाच करायची आणि चुकली तरी तशीच सोडायची, हे शिकावे लागले. आता रोज देवाला एकच फूल वाहते.

सांगली

पुण्याच्या ताईंनी मोकळेपणाने लिहिले, त्यांचे आभार. गेल्या पावसाळ्यात मला चार दिवस ताप होता आणि समई लागली नाही. पहिल्या दिवशी फार चुटपुट लागली. चौथ्या दिवशी शेजारची लहान मुलगी आपण होऊन आली आणि "आजी, वात कशी वळतात?" म्हणाली. तिने वळलेली वात जाड झाली होती, त्यामुळे ज्योत थोडी धुरकट होती. आम्ही ती तशीच ठेवली.