खच्ची केलेल्या शर्यतीच्या बैलाचं क्लोनिंग: होतं का, आणि करावं का?

चऱ्होलीकर
आमचा लक्ष्या, कोसा खिल्लार. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली, तेव्हा त्याची बारी (धाव) बघायला अख्खी आळी शर्यतीच्या घाटावर यायची. आता दात झिजलेत, कडबा चावत नाही, कुट्टी भिजवून द्यावी लागते. लहानपणीच खच्ची केलेला, त्यामुळे वंश नाही. पुतण्या म्हणतो क्लोनिंग करू. पैशाचं नंतर बघू, पण मुळात हे करावं का? आई म्हणते, "जित्राबाला त्याचं मरण येऊ द्या, पुन्हा जुंपायला कशाला उठवताय?" तिचं बोलणं डोक्यातून जात नाही.

पशुवैद्य, उरुळी
दादा, खच्ची बैलाचं क्लोनिंग होतं. कानाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा पुरतो. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, एका गाईच्या बीजांडातलं केंद्रक काढून तिथे त्यातली पेशी बसवतात आणि गर्भ दुसऱ्या गाईत सोडतात. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 16 मार्च 2023 ला गीर जातीची 'गंगा' ही कालवड अशीच जन्मली, 32 किलोची. खच्चीकरण जनुकात उतरत नाही, म्हणजे होणाऱ्या गोऱ्ह्याचं रेत मिळेल. फायदा खरा आहे.

पण लक्ष्याचा स्वभाव येईलच असं नाही. टेक्सासमध्ये 'चान्स' नावाचा फार शांत बैल होता, आजारपणात अंड काढलेला. 1999 मध्ये त्याचा क्लोन जन्मला. दिसायला हुबेहूब, पण मोठा झाल्यावर मालकावरच उलटला.

मला खरी काळजी गर्भ वाढवणाऱ्या गाईची वाटते. डॉली या क्लोन मेंढीच्या वेळी 277 बीजांडं लागली, तेव्हा एक कोकरू जगलं. तंत्र सुधारलंय, तरी क्लोनच्या गाभात गर्भाला पोसणारी वार बिघडणं, गाभ पडणं, वासरू प्रमाणाबाहेर वाढणं अजून होतं. मोठ्या वासराला अडलेली गाय मी सोडवलीय: खांद्यापर्यंत हात आत, वासराच्या पायांना दोर, बाहेरून तिघं ओढतायत आणि गाय मान टाकून कण्हतेय. आपल्याला एक गोऱ्हा हवा म्हणून किती गाईंना त्यातून न्यायचं?

लक्ष्याची सख्खी बहीण किंवा तिची वासरं शोधा. तिला खात्रीच्या खिल्लार वळूचं रेत भरवा. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उभी केलेली बाएफ ही जनावरांच्या पैदाशीवर काम करणारी संस्था इथे उरुळीतच आहे, त्यांना विचारा.

मंचरची ताई
क्लोनिंग सरसकट वाईट म्हणणार नाही. जात नामशेष व्हायला आली तर तिच्या पेशी जपायलाच हव्यात. शर्यतीसाठी मात्र माझा ठाम विरोध आहे. 2016 मध्ये अर्जेंटिनात पालेर्मोच्या पोलो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अडोल्फो काम्बियासो हा खेळाडू क्वार्तेतेरा या एकाच घोडीच्या सहा क्लोनवर बसून खेळला. आपल्या घाटात हे आलं तर ज्याच्याकडे पैसा त्याच्याच दावणीला तोच बैल. आज गरिबाच्या गोठ्यातही लाखमोलाचा खोंड निपजतो, म्हणून तर गावोगाव खिल्लार गाय टिकून आहे, एरवी तिच्या दुधावर कोणाचं भागतं? शिवाय सगळे एकाच रक्ताचे झाले की एक रोग आला तरी सगळ्यांना धरणार.

चऱ्होलीकर
ताई, गरिबाच्या खोंडाचं अगदी पटलं. लक्ष्याही तसाच, एका गवंड्याने वाढवलेला. व्यवहार चाकणच्या बाजारात झाला होता. तो व्यापारी अजून येतो, त्याला गाठून बहिणीचा माग काढतो. डॉक्टर, कानाचा तुकडा घेताना लक्ष्याला त्रास होईल का? पेशी नुसत्या ठेवता येत असतील तर तेवढं करावंसं वाटतं.

पशुवैद्य, उरुळी
जागेवर भूल दिली की फारसं दुखत नाही, जखम चिघळू द्यायची नाही एवढंच. पण आधी पेशी गोठवून ठेवणारी प्रयोगशाळा पक्की करा, मगच कानाला हात लावा. उगाच कापून ठेवू नका. कुट्टीत थोडी भिजवलेली पेंड घालत जा, म्हाताऱ्या बैलाला अंगी लागते.