अन्ननलिका बंद असलेलं बाळ ऑपरेशनपर्यंत उबदार कसं न्यायचं?

मेळघाटची सिस्टर:
मागच्या महिन्यात आमच्याकडे जन्मलेल्या बाळाच्या तोंडाला सारखा फेस येत होता. तोंडातून पोटात नळी घालून पाहिली, ती १० सेंटिमीटरवर अडली. लगेच अमरावतीला पाठवलं. घाट, वर पाऊस. पोचलं तेव्हा पाय बर्फासारखे गार. ऑपरेशन झालं, पण तिसऱ्या दिवशी गेलं. आजीनं शिवलेलं टोपडं आमच्याकडेच राहिलंय, टाकवत नाही. गाडीत इनक्युबेटर नसेल तर काय करायचं?

बालशल्यचिकित्सक, नागपूर:
सिस्टर, तुम्ही दूध पाजण्याआधी नळी घालून पाहिलीत, हे फार मोलाचं. बरीच बाळं दूध फुप्फुसात गेल्यावरच आमच्याकडे येतात, मग टाके कितीही नीट घाला, न्यूमोनिया सोडत नाही. निघण्याआधी बाळाचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या वर आणा, तोवर गाडी हलवू नका. डोकं उंच, तोंडातली लाळ दर १० मिनिटांनी ओढा. आणि आधी फोन करा, टेबल गरम ठेवतो.

नंदुरबारची नर्स:
आई ओली बाळंतीण असते, म्हणून आम्ही बापाच्या उघड्या छातीशी बाळ उभं बांधतो. टोपी, मोजे, वरून घोंगडी. गरम पाण्याच्या बाटल्या मात्र नकोच, कातडी भाजते.

मेळघाटची सिस्टर:
गाडीतलं लाळ ओढायचं सक्शन मशीन बंद पडलं तर?

बालशल्यचिकित्सक, नागपूर:
नळीला १० मिलीची सिरिंज लावून हळूच ओढा. दोन-तीन जादा सोबत ठेवा.