भूक मारणारी ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ कॅप्सूल : परिणाम दिसत असताना शंका घ्यावी का?

मृण्मयी (प्रश्न)

माझे वय ४६ आहे. रक्तदाबासाठी चार वर्षांपासून रोज एक गोळी घेते. मधल्या काळात वाढलेले नऊ किलो वजन नियमित चालूनही आणि जेवणात बदल करूनही फारसे हलले नाही, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी समाजमाध्यमावरील जाहिरात पाहून भूक कमी करणाऱ्या कॅप्सूल मागवल्या. वेष्टनावर हूडिया, गार्सिनिया, ग्लुकोमॅनन आणि ग्रीन टीचा अर्क अशी चार नावे आहेत. प्रत्येकाचे प्रमाण मात्र दिलेले नाही, फक्त ‘आमचे खास मिश्रण, ८०० मिलिग्रॅम’ एवढेच लिहिले आहे. दिवसाला दोन कॅप्सूल घ्यायच्या आहेत.

चौथ्या दिवसापासून भूक अशी नाहीशी झाली की दुपारचे जेवण राहून गेले आहे हे संध्याकाळी लक्षात येऊ लागले, आणि आजवर अडीच किलो वजन उतरले आहे. त्याच वेळी तोंडाला सतत कोरड पडते, पहाटेपर्यंत डोळा लागत नाही आणि एक जिना चढले तरी छातीतली धडधड बराच वेळ थांबत नाही. विक्रेत्याला कळवले तेव्हा ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत असल्याची ही लक्षणे आहेत, कोर्स मध्येच सोडू नका’ असे उत्तर आले. वनस्पतींपासून बनलेल्या वस्तूमुळे असा त्रास होऊ शकतो का, आणि परिणाम स्पष्ट दिसत असताना ती बंद करावी का, हे मला समजून घ्यायचे आहे. डॉक्टरांना न विचारता हे सुरू केले, त्यामुळे त्यांच्यासमोर विषय काढायला मन धजत नाही.

केदार

मृण्मयीताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो असून गेली बावीस वर्षे औषधांच्या दुकानात काम करतो. आधी सर्वांत महत्त्वाचे सांगतो. ही कॅप्सूल आजच बंद करा, रक्तदाबाची गोळी मात्र बंद करू नका, आणि उद्या सकाळी उरलेल्या कॅप्सूल वेष्टनासह घेऊन डॉक्टरांकडे जा. छातीत दुखले, दम लागला किंवा भोवळ आली तर उद्याचीही वाट पाहू नका. डॉक्टरांसमोर संकोच वाटणे मी समजू शकतो, पण रुग्णाने पूरक गोळ्या लपवल्यामुळे भलतेच निदान झालेले मी पाहिले आहे.

आता कारण सांगतो. तुम्ही ज्याला गुण म्हणता, त्यानेच मला काळजीत टाकले. वेष्टनावर लिहिलेल्या चार वनस्पतींपैकी एकही चार दिवसांत जेवणाचा विसर पाडेल इतकी प्रभावी नाही. ग्लुकोमॅनन हा कोंजॅक नावाच्या कंदातून काढलेला तंतू आहे. तो पोटात पाणी शोषून फुगतो, त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये त्याबाबतचा दावा मान्य केला खरा, पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम, म्हणजे ३,००० मिलिग्रॅम, तीन भागांत, जेवणापूर्वी एक-दोन ग्लास पाण्यासोबत आणि कमी उष्मांकाच्या आहाराच्या जोडीने घ्यावे, अशा अटी घातल्या. तुमच्या कॅप्सूलमध्ये चारही घटक मिळून ८०० मिलिग्रॅम आहेत. दोन कॅप्सूलमध्ये नुसते ग्लुकोमॅनन भरले असते तरी ते मान्य मात्रेच्या निम्म्याच्या आसपासच राहिले असते. म्हणजे वेष्टनावरचे आकडे खरे मानले, तर तुमची भूक जायला नको होती.

भूक जाणे, तोंड कोरडे पडणे, झोप उडणे आणि नाडी वाढणे ही चारही लक्षणे एकत्र दिसली की माझ्या मनात सिबुट्रामीन हे नाव येते. हे भूक मंदावणारे कृत्रिम औषध पूर्वी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत असे. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार व्यक्तींवर केलेल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात अधिक आढळले आणि २०१० मध्ये युरोप व अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यात आले. दुकानातून गेलेले हे औषध पुढे ‘हर्बल’ कॅप्सूलमध्ये लपून परत आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधे सापडलेल्या ७७६ पूरक उत्पादनांबाबत इशारे दिले. त्यांतील ३१७ वजन घटवण्यासाठीची होती आणि त्यांपैकी २६९ उत्पादनांमध्ये सिबुट्रामीन होते. काहींमध्ये फिनॉल्फ्थॅलीन हे जुने रेचकही आढळले. तुमच्या कॅप्सूलमध्ये हेच आहे असा माझा दावा नाही, कारण प्रयोगशाळेतील तपासणीवाचून ते कोणीच सांगू शकत नाही. पण रक्तदाब असलेल्या व्यक्तीने ही शक्यता डोळ्याआड करणे धोक्याचे आहे.

भेसळ नसली तरी ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने निर्धास्त होऊ नये. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधील एका उपचारकेंद्रात वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधींचे चूर्ण दिले गेले. नावातील साधर्म्यामुळे त्यात एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती आली होती, आणि शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे त्यामुळे निकामी झाली किंवा गंभीररीत्या बिघडली. पुढे त्यांतील अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. अगदी अलीकडे, २०२३-२४ मध्ये, अमेरिकेत तेहोकोते नावाच्या झाडाची मुळे म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या उत्पादनांत प्रत्यक्षात पिवळी कण्हेर सापडली. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना आपण बिट्ट्या म्हणतो, हृदयाला किती घातक असतात हे वेगळे सांगायला नको.

राहिला मुद्दा विषद्रव्यांचा. धडधड आणि निद्रानाश म्हणजे विषद्रव्ये बाहेर पडणे नव्हे. त्रास होत असलेल्या माणसाला गोळी चालू ठेवायला सांगणारे ते वाक्य वाचून मला अतिशय राग आला.

सुधाकर

केदार यांचा अनुभव मोठा आहे, तरीही मला वाटते की एका वाईट उत्पादनावरून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. मी स्वतः गार्सिनियाच्या कॅप्सूल तीन महिने घेतल्या, आहार सांभाळला, रोज चाललो आणि माझे चार किलो वजन उतरले. मला कसलाही त्रास झाला नाही. ज्याला गुण आला त्याने तो नाकारायचा का? शिवाय या वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, त्या काल प्रयोगशाळेत जन्मलेल्या नाहीत.

वनमाला

सुधाकरराव, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराचा मुद्दा मी वनस्पतिशास्त्राची शिक्षिका म्हणून गांभीर्याने घेते, आणि म्हणूनच हूडियाची हकीकत इथे सांगावीशी वाटते.

हूडिया ही निवडुंगासारखी दिसणारी, कलहारीच्या कोरड्या प्रदेशातील वनस्पती आहे. तेथील सान लोक शिकारीच्या लांबच्या वाटचालीत भूक-तहान भागवण्यासाठी तिचे ताजे खोड खात आले आहेत. दक्षिण आफ्रिकेतील सरकारी संशोधन परिषदेने त्यातील भूक मंदावणाऱ्या घटकाचे पेटंट घेतले, परंतु ज्यांच्याकडून हे ज्ञान आले त्या सान लोकांना लाभात वाटा देणारा करार त्यांच्या पाठपुराव्यानंतर २००३ मध्ये झाला. फायझर आणि नंतर युनिलिव्हर अशा बलाढ्य कंपन्यांनी या वनस्पतीवर काम केले आणि दोघींनीही ते सोडून दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन जास्त असलेल्या निरोगी स्त्रियांना १५ दिवस हूडियाचा अर्क दिला गेला. त्यांच्या खाण्यात प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली वस्तू, घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. उलट मळमळ झाली, त्वचेला विचित्र संवेदना जाणवू लागल्या आणि रक्तदाब व नाडी वाढली. मृण्मयी, तुमच्या वेष्टनावरचे पहिलेच नाव हूडियाचे आहे, तेव्हा हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सान शिकारी ताजे खोड काही दिवसांच्या पायपिटीत खात होता. त्यावरून वाळवलेल्या अर्काची कॅप्सूल रक्तदाबाच्या गोळीसोबत महिनोन्‌महिने घेणे सुरक्षित ठरत नाही. परंपरा मात्रा सांगते, ऋतू सांगते, कोणी घेऊ नये हेही सांगते, आणि जाहिरात त्यातले फक्त प्राचीनपण उचलते. सोनामुखीचेही तसेच आहे. ती रेचक म्हणून थोडे दिवस घेण्याची वनस्पती आहे, पण ‘सडपातळ करणाऱ्या’ चहांमध्ये ती रोज पाजली जाते. काट्यावर कमी झालेले वजन तेव्हा पाण्याचे असते, चरबी होती तिथेच राहते.

वनस्पतींमध्ये काहीच गुण नसतो असे मी म्हणत नाही. गुडमारची पाने चघळली की काही काळ गोड चव लागतच नाही, हे कोणीही स्वतः पडताळून पाहू शकतो. कॅरलुमा या वनस्पतीवर ५० प्रौढ व्यक्तींवर ६० दिवस झालेल्या चाचणीत भूक आणि कमरेचा घेर कमी झाल्याचे नोंदले गेले, मात्र वजनातील फरक प्लासिबोच्या तुलनेत लक्षणीय नव्हता. एवढ्या लहानशा, प्रामाणिक निष्कर्षाचे वेष्टनावर येईपर्यंत काय होते, ते पाहून मला वाईट वाटते.

रोहिणी

ते काय होते, हे मी सांगू शकते, कारण काही वर्षे मी अशा उत्पादनांच्या जाहिरातींचा मजकूर लिहीत होते. कंपनीचे नाव घेत नाही.

सुधाकरकाका, तुमच्या चार किलोंवर मी शंका घेत नाही. पण गार्सिनियावरील १९९८ची चाचणी पाहा. १३५ जणांना १२ आठवडे कमी उष्मांकाचा, तंतुमय आहार दिला गेला. त्यांतील निम्म्यांना गार्सिनियातील हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल दिवसाला १,५०० मिलिग्रॅम मिळत होते आणि उरलेल्यांना प्लासिबो. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले आणि प्लासिबो घेणाऱ्यांचे ४.१ किलो. हा फरक लक्षणीय मानला गेला नाही, म्हणजे दोन्ही गटांचे वजन आहारामुळेच उतरले. आता मला त्या काळी ‘बारा आठवड्यांत सरासरी तीन किलोंहून अधिक घट, वैद्यकीय चाचणीत नोंद’ असे लिहिता आले असते, त्यातला एकही शब्द खोटा ठरला नसता, आणि वाचणारा पूर्ण फसला असता. तुम्ही आहार सांभाळलात आणि रोज चाललात. त्या कष्टांचे श्रेय कॅप्सूलला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

‘चाचणीने सिद्ध’ या शब्दांमागे बहुतेक वेळा विकली जाणारी कॅप्सूल नसतेच. चाचणी एका घटकाची असते, तीही वेगळ्या मात्रेत, आणि ‘खास मिश्रण’ या नावाखाली आपली मात्रा झाकता येते. ग्रीन कॉफीच्या बाबतीत तर केवळ १६ जणांच्या अभ्यासावर जगभर विक्री झाली. दूरचित्रवाणीवरून तिचा गाजावाजा करणारे डॉ. मेहमेट ऑझ यांना जून २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली आणि त्याच वर्षी तो अभ्यासनिबंध मागे घेण्यात आला. त्यानंतरही आमच्याकडे ग्रीन कॉफीचा मजकूर मागितला जात होता. मी आक्षेप घेतला तेव्हा ‘लोक निबंध वाचत नाहीत, छायाचित्रे पाहतात’ असे मला सांगण्यात आले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी मी ते काम सोडले.

मृण्मयीताई, तुम्हाला आलेले विषद्रव्यांचे उत्तर बहुधा कोणी विचार करून लिहिलेले नसेल. तक्रारींची ठरावीक उत्तरे आधीच तयार ठेवलेली असतात. ग्राहकाला त्रास म्हणजेच प्रगती वाटावी आणि पैसे परत मागण्याची मुदत टळून जावी, हा त्यांचा हेतू असतो. त्या संवादाची छायाचित्रे जपून ठेवा.

मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. केदारदादा, तुमचे उत्तर वाचून त्याच रात्री कॅप्सूल बंद केली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब १५८/९८ भरला आणि नाडी ११२ होती. हृदयाचा आलेख काढला, तो सुदैवाने ठीक आहे. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वेष्टनावरचा बॅच क्रमांक माझ्या कागदांवर लिहून घेतला, उरलेल्या कॅप्सूलपैकी काही तपासणीसाठी पाठवायला ठेवून घेतल्या आणि औषध नियंत्रण विभागाकडे करायची तक्रार माझ्याकडून लिहवून घेतली.

आज आठवा दिवस आहे. पाचव्या दिवसापासून सलग झोप लागू लागली, जिना चढल्यावरची धडधड थांबली आणि भूक पूर्वीसारखी लागते आहे. उतरलेल्या अडीच किलोंपैकी दीड किलो परत आले. वजनासाठी पुढे काय करायचे, ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचे आहे. रक्तदाबाच्या जोडीला थायरॉइडची तपासणीही त्यांनी सांगितली आहे, जी मी दोन वर्षे टाळत होते.

विक्रेत्याने पैसे परत करायला नकार दिला, कारण मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. तपासणीचा अहवाल अजून आलेला नाही. आला की त्यात जे असेल ते इथेच लिहीन.