पल्सर 150 (कार्बोरेटर): फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर बसवावा का?

परभणी_डीटीएस
नमस्कार मंडळी. गाडी पल्सर 150, 2011 चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. सायलेन्सर कंपनीचाच आहे, इंजिन उघडलेलं नाही. रोजचा रस्ता परभणी–गंगाखेड. 60 पर्यंत गाडी बरी जाते, पुढं कितीही रेस दिली तरी ओढत नाही. गॅरेजवाले म्हणायलेत की मूळ डब्यात इंजिन गुदमरतंय, डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडावर कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, डब्याशिवायचा उघडा फिल्टर) लावा, नाहीतर डब्याच्या झाकणाला भोकं पाडा. दोन्हीपैकी काय करावं? कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोकाचं नोझल) बदलावं लागतं का, आणि किती नंबरनं?

कार्ब_नांदेड
भाऊ, आधी दुखणं शोधा. 60 च्या पुढं न ओढणं हे डबा लहान असल्याचं लक्षण नाही. तोच डबा नव्या गाडीला होता आणि ती गाडी शंभराच्या वर जात होती.

तुमचा कार्बोरेटर सीव्ही जातीचा आहे. अ‍ॅक्सिलेटरची केबल फक्त बटरफ्लाय (हवेच्या वाटेतली फिरती चकती) उघडते, वरचा स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग) व्हॅक्यूमवर उचलला जातो. त्या स्लाइडला पातळ रबरी डायफ्रॅम असतो. त्याला टाचणीएवढं छिद्र पडलं किंवा कड खाचेत नीट बसली नाही, की स्लाइड अर्ध्यावरच राहतो आणि तुम्ही सांगताय तसंच होतं. वरचं झाकण सावकाश उघडा, आत स्प्रिंग आहे. डायफ्रॅम हलका ताणून उजेडासमोर धरा, छिद्र असेल तर लगेच दिसतं. परत बसवल्यावर, फिल्टरकडचं रबर काढलेलं असतानाच, बोटानं स्लाइड वर उचला आणि सोडा. तो दमानं खाली यायला पाहिजे. टपकन पडला तर कुठंतरी हवा गळतेय. डायफ्रॅमला पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर लावू नका, रबर फुगतं आणि खाचेत बसत नाही.

तो ठीक निघाला तर मूळ फिल्टर बदला, इंजिनकडच्या रबरी मॅनिफोल्डला चीर आहे का पाहा (गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता चालू, ठेवून बाहेरून साध्या पाण्याचा फवारा मारा, रेस बदलली तर तिथून हवा घुसतेय), टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, मेन जेट काढून उजेडाला धरून पाहा. एवढं झाल्याशिवाय कोन फिल्टरच्या नादी लागू नका. बिघडलेल्या गाडीवर फिल्टर चढवला की खरा दोष कोणता आणि नव्या फिल्टरनं केलेला कोणता, हे नंतर कुणालाच कळत नाही.

आता कोन फिल्टर लावला तर काय होतं ते सांगतो. डब्यामुळं कार्बोरेटरच्या तोंडाशी हवा शांत, एकसारख्या दाबाची राहते, आणि जेट व सुई (स्लाइडला लागलेली, जेटमधून वर-खाली होणारी) कंपनीनं त्याच दाबावर जुळवलेली असतात. डबा काढला की हवेला अडथळा कमी, म्हणजे जेटवरची ओढ कमी, म्हणजे पेट्रोल कमी. मिश्रण लीन होतं. आवाज मोठा येतो म्हणून गाडी पळतेय असं वाटतं, पण मधल्या रेसला ती पहिल्यापेक्षा ढिली असते.

दुसरी गोष्ट बहुतेक गॅरेजात पाहतच नाहीत. कार्बोरेटरच्या तोंडाच्या कडेला बारीक भोकं असतात. एक पायलट जेटच्या (आयडलला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटच्या) हवेचं, दुसरं डायफ्रॅमखालच्या हवेचं. कोन फिल्टरच्या रबराची आतली कड त्यांच्यावर आली की आयडल बिघडतं आणि स्लाइड उचलत नाही. मग माणूस जेटवर जेट बदलत बसतो. फिल्टर लावण्याआधी त्याच्या तोंडातून आत पाहा. भोकं झाकत असतील तर तो फिल्टर परत करा किंवा रबराला तेवढीच खाच द्या.

तरी लावायचाच असेल तर क्रम असा ठेवा. मूळ जेटचे नंबर आणि मिक्श्चर स्क्रू (आयडलचं हवा-पेट्रोल मिश्रण जुळवणारा) मूळचा किती आटे बाहेर होता ते लिहून ठेवा. कोन फिल्टर आणि कंपनीचा सायलेन्सर असेल तर मेन जेट साधारण 5 ते 10 नंबरनं वर जातं, पायलट फार तर एक पायरी, म्हणजे 2.5 नं. आधी मेन जेट लावायचं, कारण ते पाऊण ते पूर्ण अ‍ॅक्सिलेटरला काम करतं. मग सुई, ती पाव ते पाऊण सांभाळते. सीव्ही कार्बोरेटरच्या सुईला बऱ्याचदा एकच खाच असते, क्लिप हलवता येत नाही. तेव्हा सुईच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाका. सुई वर आली की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. शेवटी पायलट आणि मिक्श्चर स्क्रू. हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच होतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथं उलट. गरम इंजिनावर 1400 च्या आसपास आयडल स्थिर यायला हवं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जेट आणि सुई एकदम बदलली तर फरक कशानं पडला ते समजत नाही.

तपासायला प्लग. नवे लावा, या गाडीला दोन आहेत, दोन्ही बदला. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर थोडं अंतर पळवा, रेस न सोडता क्लच दाबा आणि किल स्विच बंद करा. बाजूला थांबून प्लग काढा. पांढरा फटक असेल तर लीन, काजळी असेल तर रिच. हल्लीच्या पेट्रोलवर पोर्सेलिनच्या टोकाला रंग उशिरा चढतो, त्यामुळं टोकाकडं पाहून निकाल काढू नका. पोर्सेलिन जिथं आत धातूत शिरतं तिथलं काळसर-तपकिरी कडं बघा.

चोक हाताचा असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. ज्या रेसला गाडी अडखळते तिथं चोक किंचित ओढा. सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर रिच.

आणखी एक, आताचं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. साध्या पेट्रोलला एका किलोमागं 14.7 किलो हवा लागते, या पेट्रोलला सुमारे 13.5. कार्बोरेटरला हा बदल कळत नाही, तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो. म्हणजे मूळ सेटिंगवरही तुमची गाडी आधीच थोडी लीन चालतेय. त्यात डबा काढलात तर उन्हाळ्यात इंजिनाचं डोकं (हेड) तापून ठोका (नॉकिंगचा आवाज) यायला लागेल.

धूळ_आणि_रिंग (जालना)
वरचं सगळं बरोबर. मी फक्त धुळीचं सांगतो, कारण आपल्याकडं खरा प्रश्न तोच आहे.

150 सीसीचं इंजिन 8000 आरपीएमला मिनिटाला 600 लिटरपर्यंत हवा ओढतं. गंगाखेड–परळीकडं राखेचे हायवा चालतात, ऊस चालू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागं काळ्या मातीचा धुरळा, जिनिंगच्या आजूबाजूला कापसाचे तंतू. कोन फिल्टर सीटखाली उघडा असतो आणि मागच्या टायरचं सगळं त्याच्यावर येतं. स्वस्तातल्या फिल्टरच्या जाळीतून बोटाला पिठासारखी लागणारी बारीक धूळ सरळ पार जाते. ती ऑइलच्या थरात मिसळून रिंग आणि बोअर घासते. आधी ऑइल कमी व्हायला लागतं, मग निळा धूर, मग बोअरचं काम. एक-दोन किलोमीटर टॉप स्पीडसाठी हा सौदा मला अजिबात पटत नाही.

कोणताही फिल्टर असो, एक तपासणी कराच. फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या रबरी पाइपाच्या आतून ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. जाड नको, सुटून आत जाईल. दोनशे-अडीचशे किलोमीटरनंतर पांढऱ्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं बोटांत चोळा. करकर लागली तर फिल्टरमधून किंवा क्लॅम्पच्या फटीतून धूळ शिरतेय. कोन फिल्टरला डब्याच्या पाइपाऐवजी फिल्टरच्याच रबरी गळ्यात थर द्यायचा, कार्बोरेटरच्या भोकांपासून लांब.

मूळ फिल्टर कागदाचा असेल तर धुवू नका. पंक्चरवाल्याची हवा जवळून मारली की कागद फाटतो. लांबून, कमी दाबानं, आतून बाहेर मारा. स्पंजचा असेल तर रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलमध्ये भिजवा आणि दोन तळहातांत दाबून जादा ऑइल काढा. पिळू नका. पेट्रोलमध्ये धुतला तर जोडाचा गोंद सुटतो आणि आगीची भीती वेगळीच.

झाकणाला भोकं पाडण्याबद्दल: भोक फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडलं तर ती धूळ न गाळताच इंजिनात जाते. मळक्या बाजूला पडलं तरी पावसाचं पाणी आणि चिखल थेट कागदावर. डबा अखंड ठेवा.

आरएक्स_लातूर
कुणी आरएक्स 100 वाला हे वाचत असेल तर त्याच्यासाठी. त्या गाडीत सुईला क्लिपच्या खाचा आहेत, क्लिप एक खाच खाली केली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होतं. काम सोपं आहे म्हणून बिनधास्त होऊ नका. टू-स्ट्रोक लीन झाली की पिस्टन जाम होतो, तोही चढावर नाही, लांब सरळ रस्त्यावर पूर्ण रेस धरून ठेवल्यावर. मेन जेट नेहमी जरा मोठ्याकडून सुरू करून खाली या, लहानाकडून वर जाऊ नका.

परभणी_डीटीएस
खूप आभार. डायफ्रॅम काढून पाहिला, कडेला बारीक चीर आहे. नवा मागवलाय, फिल्टरही कंपनीचाच घेतोय. दोन शंका राहिल्या. डब्यात इंजिनकडून एक पाइप येतो, तो कशाचा? आणि रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट होतं, ते लीनमुळंच का?

कार्ब_नांदेड
तो क्रँककेसचा ब्रीदर. इंजिनातली ऑइलची वाफ डब्यात येऊन परत जळते. डबा काढणारे हा पाइप तसाच लोंबता सोडतात, मग त्यातून इंजिनात धूळ ओढली जाते आणि बाहेर ऑइल सांडतं. तो दाबून बंद केला तर सीलवर दाब येऊन ऑइल गळायला लागतं. तुम्ही डबा ठेवताय, तर पाइप मोकळा आहे का आणि क्लिप घट्ट आहे का एवढंच पाहा. डब्याच्या तळाला निचऱ्याची छोटी नळी असते, त्यात ऑइल-पाणी साचलेलं दिसलं तर काढून टाका.

फटफट लीनमुळं होऊ शकतं, पण आधी सायलेन्सरच्या तोंडाची गॅस्केट बघा. तिथून बाहेरची हवा घुसली तरी हाच आवाज येतो. सेकंडरी एअरचा (सायलेन्सरच्या वाटेत ताजी हवा सोडणारा) व्हॉल्व्ह खराब झाला तरी येतो. हे दोन्ही ठीक असतील तरच मिक्श्चर स्क्रू पाव आटा बाहेर काढून फरक बघा. अर्ध्या आट्याच्या पुढं जावं लागलं तर स्क्रू मूळ जागी आणा आणि पायलट जेट साफ करा, ते अर्धवट तुंबलेलं असणार.

स्क्रूला हात लावलात तर पीयूसी नव्यानं काढून घ्या. त्या काळातल्या फोर-स्ट्रोक दुचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के आहे, आणि स्क्रू जास्त बाहेर गेला की गाडी तिथंच अडकते.

धूळ_आणि_रिंग (जालना)
नवा डायफ्रॅम बसवताना त्याच्या कडेला एक छोटी जीभ असते, ती खाचेतल्या तिच्याच जागी आली पाहिजे. कड बाहेर निसटत असेल तर स्लाइड बोटानं थोडा वर धरा, कड सगळीकडून खाचेत बसवा आणि मगच झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर नवा डायफ्रॅमही चिमटून फाटतो.