"घरकुलं झाली, आता बेघर तो आळशी" म्हणणाऱ्यांसाठी

कन्नाचौक्या (धागाकर्ता)
काल एकाने इथं टाकलं, "कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांना तीस हजार घरं. आता सोलापुरात जो रस्त्यावर झोपतो तो आळसाने झोपतो. सरकारने अजून काय करायचं?" सकाळी दोन चहा झाले तरी राग गेला नाही, म्हणून लिहितो.

रे नगर मोठंच काम आहे. 2019 च्या जानेवारीत भूमिपूजन, 19 जानेवारी 2024 ला त्यातल्या पहिल्या 15,000 घरांचं लोकार्पण. माकपचे माजी आमदार आडम मास्तरांनी त्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले ते अख्ख्या पूर्व भागाने बघितलंय. पण ते घर घ्यायला काय लागतं? केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले तुमचे. कागद पाहिजेत, देशात कुठं पक्कं घर नको, बँकेने कर्ज द्यायला पाहिजे. स्टेशनसमोर पोतं अंथरणारा हमाल यातलं काय आणणार? त्याला रात्री पाठ टेकायला अन् सकाळी आंघोळीला जागा पाहिजे. सुप्रीम कोर्टाने 2010 लाच सांगून ठेवलंय, लाख वस्तीमागे एक निवारा, चोवीस तास, बारा महिने. 2011 च्या जनगणनेत आपण साडेनऊ लाख होतो. आपल्याकडे किती आहेत ते मोजा, मग आळसाचं बोला.

अन् जो कमावतो त्याला कामाजवळ स्वस्त, सरकारी भाड्याची खोली द्या. प्रत्येकाला मालकच करायचं, हे खूळ सोडा.

विडीची लेक
निवाऱ्याचं पटलं. शेवटचं वाक्य वाचून मात्र हसू आलं. दादा, भाड्याने राहिलाय का कधी?

मी बारावीला जाईपर्यंत आम्ही नऊ खोल्या बदलल्या. अशोक चौकाच्या मागं एका खोलीत मालकाने नळालाच कुलूप घातलं, का तर आई विड्या वळायला पान भिजवते, पाणी जास्त लागतं. खोली सोडायला लावली त्या दिवशी पान भिजलेलं होतं. ओल्या पोत्यात गुंडाळून हातगाडीवर टाकलं, वर सूप, कात्री, तंबाखूचा डबा. नव्या खोलीत दिवा नव्हता. आईने रस्त्याच्या उजेडात विड्या वळल्या अन् दुसऱ्या दिवशी विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये निम्म्या छाट, म्हणजे खराब, म्हणून बाजूला टाकल्या. एका दिवसाची मजुरी गेली. आज कुंभारीला तिच्या नावचं घर आहे. तिला "खूळ" म्हणून दाखवा.

सातरस्ता
ताई, भावना ठीक. पण एका घरकुल वसाहतीत माझा मित्र चक्क लाभार्थ्याला भाडं देऊन राहतो. आमच्या टॅक्सच्या पैशातून घर घ्यायचं अन् वर भाडं खायचं?

विडीची लेक
भाड्याने का दिलं विचारलंत? काम शहरात, घर अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्याही पुढं. रोजचं रिक्षाभाडं विड्या वळून सुटत नाही. अन् टॅक्स माझी आईपण भरते, काडेपेटीपासून साबणापर्यंत.

कन्नाचौक्या
अहो ताई, मी तेच तर म्हणूलालो! घर दिलं, काम लांब राहिलं. म्हणूनच शहरात भाड्याची घरं.

विडीची लेक
नाही. म्हणूनच बस. घर मालकीचंच.

हद्दवाढवाला
तीस हजार घरं राहू द्या, आमचं कोण बघणार? 1992 च्या हद्दवाढीत आमची गावं शहरात घेतली. स्वतःच्या पैशाने दोन गुंठे घेतले, स्वतः बांधलं, सरकारचा एक रुपया नाही. असे गुंठ्याने घेतलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 चा, मी नियमितीकरणाचा अर्ज घेऊन आजही या टेबलावरून त्या टेबलावर. अन् पाणी? उजनी धरण भरून वाहतं, आमच्या नळाला चार दिवसाआड, तेही रात्री दोनला.

सातरस्ता
चार दिवसाआड? नशीबवान आहात. आम्ही गावात, जुन्या शहरात राहून पाच दिवस बघितलेत.

हद्दवाढवाला
गावात दाब तरी असतो हो. आमच्याकडं मोटार लावल्याशिवाय थेंब नाही, अन् मोटार लावली की शेजारी भांडायला दारात.

सातरस्ता
म्हणजे मोटार तुम्हीच लावता! तुमच्यासारख्यांमुळेच पुढच्यांचा दाब जातो.

हद्दवाढवाला
काय बोलूलालाव तुम्ही? तुमच्या गच्चीवर सिंटेक्सच्या टाक्या किती आहेत ते सांगा आधी.

सातरस्ता
दोन. स्वतःच्या पैशाच्या.

कन्नाचौक्या
अरे बाबांनो, धागा बेघरांचा आहे.

हद्दवाढवाला
पाण्याशिवाय घर काय चाटायचंय? तुमच्या निवाऱ्यालाही टँकरच लागेल.

सातरस्ता
जाऊ द्या. कन्नाचौक्या, निवाऱ्याचं मान्य. पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जे येऊन राहतात त्यांना बेघर धरू नका, नाहीतर आकडा फुगेल.

कन्नाचौक्या
धन्यवाद, फार मोठं मन आहे तुमचं. यात्रा पंधरा-वीस दिवसांची, मी एप्रिलमध्ये स्टेशनसमोर किती झोपतात ते विचारूलालो.

विडीची लेक
माझंही एक लिहून घ्या. मालकीला विरोध सोडलात तर तुमच्या भाड्याच्या खोल्यांना माझा विरोध नाही. फक्त नळाला कुलूप घालणारा मालक नको.

कन्नाचौक्या
मालक सरकार असेल.

हद्दवाढवाला
मग कुलपाची गरजच नाही, पाणीच येणार नाही 😄

सातरस्ता
ते सोडा, उद्या पाणी कुठल्या भागात आहे?