सहाय्यक आणि विनोदी भूमिकांबद्दल परीक्षणात नेमकं काय लिहावं?

तिसरी_घंटा:
नाटकाच्या परीक्षणात सहाय्यक नटाच्या वाट्याला शेवटाकडे एक ओळ येते: ‘अमुक यांनी धमाल उडवली.’ ६०० शब्दांत याहून नेमकं काय लिहिता येईल? आणि तोच नट दोन-तीन भूमिका करत असेल, तर ‘अष्टपैलू’च्या पलीकडे कसं जायचं?

विंगेतला:
आधी हशा कोणाचा ते ठरवा. वाक्यातच विनोद असेल तर श्रेय लेखकाचं; नुसत्या ‘बरं’वर प्रेक्षागृह हसलं तर नटाचं. संहिता छापलेली असेल तर ताडून बघा. त्यात नसलेलं वाक्य म्हणजे अ‍ॅडिशन. ती पात्राच्या तोंडी शोभते का आणि त्यानंतर समोरचा नट अडखळतो का, हे पाहा. अ‍ॅडिशनवर टाळी पडली पण प्रवेशाची गती तिथेच बसली, तर कौतुक हात राखून करा.

दुसरं, हशा सांभाळणं. हशा चढत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते ऐकू जात नाही. मग ‘पुढचं हुकेल’ म्हणून लोक हसायला बिचकतात. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलं तर गती जाते. जाणता नट हशा उतरणीला लागला की बोलतो. हे दिसलं तर ‘अचूक टायमिंग’ असं मोघम न लिहिता कोणत्या प्रवेशात, कोणत्या वाक्यापाशी, ते लिहा.

सोंगाड्या_७:
संहिता ताडण्याचा नियम वगनाट्याला लावू नका. ‘विच्छा माझी पुरी करा’सारख्या लोकनाट्यात हजरजबाबी भर हा त्या प्रकाराचाच भाग असतो. बाकी पटलं.

नेपथ्यामागे:
ज्याच्या वाक्यावर समोरचा नट विनोद करतो, त्या नटाला सगळे विसरतात. त्याने शेवटचा शब्द गिळला किंवा नेमक्या त्या क्षणी हात हलवला की समोरच्याचा हशा गेलाच. सहाय्यक नटाचं निम्मं काम हेच. म्हणून त्याला वाक्य नसताना त्याच्याकडे बघा: ऐकतोय, की पुढच्या क्यूची, म्हणजे आपलं वाक्य सुरू करायच्या खुणेची, वाट बघतोय?

अनेक भूमिकांत मिशी, टोपी आणि बोली बदलणं सोपं. चाल, श्वास, बोलण्याचा वेग, समोरच्याकडे बघण्याची रीत बदलली का? दुसऱ्या अंकापर्यंत बेअरिंग, म्हणजे पात्राचा धरलेला ढंग, टिकलं का? घाईत कपडे बदलून आलेल्या नटाच्या पहिल्या दोन वाक्यांत आधीचं पात्र हमखास डोकावतं. ‘हसवाफसवी’त दिलीप प्रभावळकरांच्या सहा भूमिका होत्या. अशा कामाबद्दल लिहिताना आकड्यावर थांबू नका. कोणत्याही दोन भूमिका समोरासमोर ठेवून फरक दाखवा.

आणि विनोदी पात्राचं नाटकातलं काम ओळखा. ‘एकच प्याला’तला (१९१९) तळीराम हसवतो, पण नायक सुधाकरच्या हाती प्याला देणाराही तोच. तो नुसताच गमत्या झाला तर हशा भरपूर मिळेल, पण सुधाकरची घसरण पोकळ वाटेल. अशा भूमिकेला १०० शब्द तरी द्या, कथानकाचे कापून.

तिसरी_घंटा:
दुसरा प्रयोग बघायचा तर कुठे बसावं?

विंगेतला:
पहिल्यांदा मधल्या रांगेत, दुसऱ्यांदा अगदी मागे. वाक्याचा शेवट तिथवर पोचतो का ते कळतं. दुसऱ्या खेपेला नायकाकडे बघूच नका.