हॉटवायरच्या रीडिंगमधला दुसरा उंचवटा

एमटेकवाला: आमच्या विंड टनेलचं छत पुढे उचलत नेलंय, त्यामुळे वेग पडत जातो, दाब चढत जातो. खालच्या प्लेटवर हॉटवायरने, म्हणजे तापवलेल्या बारीक तारेने, वेगाचे चढउतार मोजतोय. वाय-प्लस (भिंतीपासूनचं मितिहीन अंतर) १५ जवळचं नेहमीचं शिखर दिसतं, पण बाउंड्री लेयरच्या (भिंतीलगतच्या मंदावलेल्या थराच्या) मध्याच्या आसपास आणखी एक उंचवटा येतो. छत सरळ असताना तो नव्हता. सर म्हणतात, मोठे स्ट्रक्चर्स (हवेच्या एकसंध हालचाली) जोर धरतात. मला प्रोबचाच संशय येतोय.

जुना लॅबवाला: प्रोबला कशाला बोल लावताय? उंचवटा यायलाच हवा. भिंतीला लागून कातर-ताणाचा (हवेचे थर एकमेकांवर सरकताना येणाऱ्या ताणाचा) उतार दाबाच्या उताराइतकाच असतो. दाब चढता असला की भिंतीपासून वर जाताना ताण आधी वाढतो, म्हणजे कमाल ताण भिंत सोडून वर सरकतो. टर्ब्युलन्सला खुराक मग तिथेच मिळतो, आणि तिथली स्ट्रक्चर्स लेयरच्या जाडीच्या काही पट लांब असतात. स्पेक्ट्रम काढा, भर लांब तरंगलांबीवर दिसेल.

संशय घ्यायचाच तर यू-टाऊवर, म्हणजे भिंतीवरच्या ताणावरून येणाऱ्या घर्षण-वेगावर घ्या. भिंतीवरचा ताण पडलेला असतो, त्यामुळे यू-टाऊच्या वर्गाने भागलं की उंचवटा फुगून दिसतो. क्लाउझर चार्टवरून, म्हणजे वेगाच्या प्रोफाइलवर लॉगची रेघ बसवून काढलाय ना? चढत्या दाबात लॉगचा पट्टा (जिथे वेग अंतराच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतो) आखडतो, मग हवी ती रेघ बसवता येते. त्यापेक्षा काचेच्या प्लेटवर सिलिकॉन तेलाचा थेंब ठेवा, वर सोडियमचा दिवा. वाऱ्याने थेंब पातळ होत पसरतो, पिवळ्या-काळ्या पट्ट्या उमटतात. त्या जितक्या भराभर रुंदावतील तितका ताण जास्त. तापमान मात्र नोंदवाच, तेलाची चिकटाई त्यावर हलते.

बीटा_बघा: आणि बीटा (भिंतीवरच्या ताणाच्या तुलनेत दाबाचा उतार किती, तो आकडा) वरच्या अंगापासून कसा बदलत आला तेही लिहा. बीटा तोच, पण मागचा इतिहास वेगळा, तर प्रोफाइलही वेगळं येतं. नुसता एका जागेचा बीटा जुळला म्हणून दुसऱ्याच्या आलेखाशी ताडून बघू नका.

बंगळूरकर: छत खाली उतरवूनही बघा की! वेग जोरात वाढवला, के (वेग किती झपाट्याने वाढतो त्याचा आकडा) ०.०००००३ च्या वर गेला, की भिंतीजवळचे बर्स्ट (अचानक उसळणारे झोत) थंडावतात. आमच्या आयआयएस्सीतल्या नरसिंह आणि श्रीनिवासन यांचा १९७३ चा पेपर यावरच आहे. टर्ब्युलन्स तिथे लगेच मरत नाही, दाबाच्या जोरापुढे त्याचं काही चालत नाही, एवढंच.

एमटेकवाला: सोडियम दिवा फिजिक्सवाल्यांकडे आहे, मागतो. तेल किती सेंटीस्टोकचं (चिकटाईचं एकक) घेऊ?

जुना लॅबवाला: आधी वेग सांगा.